पक्वान्नांचे रंग आणि गहूं वर्ज्य असलेलें ताट

आपल्याकडे मंगलकार्य आणि रंग यांची सांगड फार जुनी आहे. मुंजीच्या पंक्तींतील केशरी भात, दिवाळीच्या फराळांतील गुलाबी वड्या, संक्रांतीचा हलवा आणि जेवण उरकल्यावर तबकांतून फिरणारी रंगीत बडीशेप हे जितके जिभेचे तितकेच डोळ्यांचेहि विषय आहेत. पूर्वीं या कामीं केशर आणि हळद एवढ्यांवर भागत असे. आतां निरनिराळ्या रंगांच्या लहान लहान डब्या बहुतेक घरांच्या फडताळांत सांपडतात. परंतु घरांतील एखाद्या मुलास डॉक्टरांनीं गहूं जन्मभर वर्ज्य म्हणून सांगितला, म्हणजे त्या घरांतील वडील मंडळी या डब्यांकडे संशयानें पाहूं लागतात. “या रंगांत गव्हाचा अंश असतो काय?” अशा आशयाचीं पत्रें अलीकडे आमच्याकडे आलीं आहेत. प्रश्न लहान दिसतो. पण ज्या घरांत तो उत्पन्न होतो, त्या घरास तो लहान नसतो.

शाळेंत गणित शिकवितांना आम्ही उत्तर शेवटीं सांगत असूं. येथें तें आधींच सांगून टाकतों. खाण्याचे जे रंग कायद्यानें मान्य केले आहेत, ते स्वतः गव्हापासून झालेले नसतात. एक कारमेल नांवाचा तपकिरी रंग थोड्या विचारास पात्र आहे, आणि त्याचाहि निकाल बहुतेक अनुकूलच लागतो. भय आहे तें रंगाचें नव्हे, रंगाच्या सोबत्यांचें. हें असें कां, तें समजून घेतल्यास गृहिणीस प्रत्येक डबीपाशीं अडून बसावें लागणार नाहीं.

प्रथम रोगाविषयीं दोन शब्द. या विकारास सीलिॲक असें नांव आहे. १८८८ सालीं लंडनच्या डॉ. सॅम्युएल गी यांनीं लहान मुलांतील या विकाराचें नेटकें वर्णन केलें आणि बरें होणें असेल तर तें आहारानेंच, असें मतहि दिलें. परंतु आहारांतील नेमका अपराधी कोण, हें त्यांस सांगतां आलें नाहीं. तें श्रेय हॉलंडमधील बालवैद्य डॉ. विलेम डिके यांचें. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यांत, त्या देशांत पाव मिळेनासा झाला. लोक उपाशी मरूं लागले, पण हीं आजारी मुलें मात्र सुधारलीं, आणि पाव परत येतांच पुनः खालावलीं. डिके यांस गव्हाचा संशय त्यापूर्वींपासूनच होता. १९५० सालीं त्यांनीं आपल्या प्रबंधांत तो सप्रमाण मांडला. गहूं, जव आणि राय या तीन धान्यांतील विशिष्ट प्रथिनांमुळें अशा माणसाचें शरीर स्वतःच्याच आंतड्यावर उलटतें. लहान आंतड्यांतील अन्नरस शोषणारे बारीक अंकुर झिजून जातात. आणि मूल पोटभर जेवूनहि वाढत नाहीं. कोणास जुलाब होतात, कोणास नुसता पंडुरोग जडतो. यावर औषध नाहीं. वर्जन हेंच औषध.

त्या प्रथिनांस मिळून ग्लूटेन म्हणतात. हा शब्द लॅटिन असून त्याचा अर्थ सरस, डिंक असा आहे. गव्हापासून हें द्रव्य निराळें काढण्याची कृति बोलोन्या येथील बेक्कारी या पंडितानें १७४५ सालीं प्रसिद्ध केली. पण आपल्या घरांतील स्त्रियांस ती निराळ्या वाटेनें ठाऊकच आहे. भिजविलेल्या कणकेचा गोळा पाण्याच्या धारेखालीं चोळीत राहिलें, तर पांढरें पिठूळ पाणी वाहून जातें आणि हातांत रबरासारखा चिवट लगदा उरतो, तेंच ग्लूटेन. कुरडयांसाठीं गहूं भिजवून, वाटून, चीक काढतात, तेव्हां हीच फारकत होत असते. चीक म्हणजे बहुतांशीं पिष्ट, आणि चोथ्यांत जातो तो कोंडा व चिवट भाग. मात्र घरच्या फारकतींत चिकाबरोबर ग्लूटेनचा कांहीं अंश राहतोच. म्हणून कुरडई, मग ती पांढरी असो कीं रंगविलेली असो, या रोग्यास वर्ज्य.

“थोडेंसें खाल्लें तर काय होतें?” हा प्रश्न आपल्या घरांत हटकून निघतो, म्हणून मापें सांगतों. एका पोळीस सुमारें ३० ग्रॅम कणीक लागते आणि तींत अडीच-तीन ग्रॅम ग्लूटेन असतें. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटांत गेल्यानें आंतड्यास इजा होते, असें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन प्रयोगांत आढळलें. ५० मिलिग्रॅम म्हणजे त्या एका पोळीचा पन्नासावा-साठावा हिस्सा. बोटाच्या पेराएवढा तुकडा. यास्तव ज्या पदार्थाच्या एक किलोंत २० मिलिग्रॅमपेक्षां अधिक ग्लूटेन नाहीं, त्यासच ‘ग्लूटेनविरहित’ म्हणावें असा दंडक बहुतेक देशांनीं घातला असून आपल्या देशांतील अन्न सुरक्षा प्राधिकरणाचाहि तोच नियम आहे. आणि हा विकार दूरदेशचा म्हणून निश्चिंत राहण्याचेंहि कारण नाहीं. उत्तर दिल्लींतील लोकवस्तीची जी पाहणी २०११ सालीं प्रसिद्ध झाली, तींत सुमारें शंभरांत एकास हा विकार आढळला. तांदुळावर राहणाऱ्या दक्षिणेकडील प्रांतांत त्याचें प्रमाण पुष्कळच कमी आहे.

आतां आलेल्या पत्रांपैकीं एका पत्राचा सारांश देतों. पत्र एका एकत्र कुटुंबांतील सुनेचें आहे. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीस दोन वर्षांपूर्वीं हा विकार असल्याचें निश्चित झालें. घरानें मोठ्या कसोशीनें पथ्य आरंभिलें. पोळी गेली, शेवया गेल्या, रव्याचा शिरा गेला. आणि कोणी तरी सांगितल्यावरून रंगीत म्हणून जें जें होतें तें सर्व गेलें. संक्रांतीचा हलवा नको, गुलाबी बर्फी नको, वाढदिवसाच्या नारळाच्या वडीसहि रंग नको. चुलत भावंडें रंगीत वड्या खात असतां ही पोर पांढरी वडी हातांत घेऊन उठून जाऊं लागली. इतकें करूनहि रक्तांतील प्रतिद्रव्यें डॉक्टरांच्या अपेक्षेइतकीं उतरेनात. शेवटीं आहार पाहणाऱ्या बाईंनीं स्वयंपाकघरांतील प्रत्येक डबा खालीं उतरविला, तेव्हां हिंगाच्या डबीवर ‘गव्हाचें पीठ’ हे शब्द सांपडले. रोजच्या वरणांत, आमटींत, ताकाच्या कढींत तें हिंग पडत होतें. सासूबाई म्हणाल्या, “एवढ्याशा हिंगाचा काय दोष धरायचा?” आणि सून आम्हांस विचारते कीं, आतां रंगांविषयीं काय समजावें?

या पत्रांतच उत्तराचा निम्मा भाग आहे. आपल्या धर्मशास्त्रकारांनीं अन्नाच्या दोषांचे प्रकार केले आहेत. कांहीं अन्न जातिदुष्ट, म्हणजे मुळांतच वर्ज्य. कांहीं संसर्गदुष्ट, म्हणजे मूळचें निर्दोष पण दुसऱ्याच्या संपर्कानें बिघडलेलें. त्या विभागणीचें प्रयोजन निराळें होतें हें खरें. पण विचाराची ही चौकट येथें तंतोतंत लागू पडते. गव्हाची पोळी या मुलीपुरती जातिदुष्ट आहे. हिंग जातीनें निर्दोष आहे. तो एका झाडाचा वाळलेला चीक होय. तो फार उग्र म्हणून बांधणीच्या हिंगांत डिंक आणि गव्हाचें अथवा तांदुळाचें पीठ मिसळतात. गव्हाचें मिसळलें कीं तो संसर्गदुष्ट झाला. रंगांची चौकशी याच दोन प्रश्नांनीं करावी.

पहिला प्रश्न, जातीचा. आपल्या देशांत खाण्याच्या पदार्थांत घालण्यास आठ कृत्रिम रंगांस मोकळीक आहे: टार्ट्राझीन व सनसेट यलो हे पिवळे-नारिंगी, पाँसो ४ आर, कार्मोइसीन व एरिथ्रोसीन हे तांबडे, ब्रिलियंट ब्ल्यू व इंडिगो कार्मीन हे निळे, आणि फास्ट ग्रीन हा हिरवा. १८५६ सालीं पर्किन नांवाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्यानें डांबरापासून जांभळा रंग काढला, तेव्हांपासून निघालेल्या कुळांतले हे वंशज. हल्लीं यांचा कच्चा माल खनिज तेलांतून येतो. यांत धान्य नाहीं, प्रथिन नाहीं, मग ग्लूटेन कोठून असणार? निसर्गांतून मिळणारे रंगहि तसेच आहेत. हळद, केशर, बीट, गाजरांतील कॅरोटीन, पानांतील हरितद्रव्य आणि शेंदरीच्या बियांचा ॲनाटो यांपैकीं कोणाचेंहि गव्हाशीं नातें नाहीं. १२० या क्रमांकाचा कार्मीन नांवाचा तांबडा रंग ग्लूटेनविरहितच आहे, परंतु तो निवडुंगावरील एका किड्यापासून काढतात. शाकाहारी घरांनीं तो वेगळ्या कारणासाठीं ओळखून ठेवावा.

राहिला कारमेल, क्रमांक १५०. साखर अथवा ग्लुकोजचा पाक तापवून, कधीं त्यांत अमोनियासारखीं द्रव्यें घालून, तो तयार करितात. शीतपेयें, चटण्या आणि तपकिरी पाव यांत तो असतो. ग्लुकोजचा पाक मक्यापासून करितात, तसा युरोपांत गव्हाच्या पिष्टापासूनहि करितात. शंकेचें मूळ तें हें. परंतु पिष्टाचें ग्लुकोज करतांना आणि तें शुद्ध करतांना प्रथिनांचा जवळजवळ सर्व अंश निघून जातो. गव्हापासून केलेल्या ग्लुकोजच्या पाकास तर युरोपीय संघानें २००७ सालीं धोक्याच्या सूचनेंतूनच वगळलें. म्हणून वेष्टनावर १५० दिसल्यानें घाबरण्याचें कारण नाहीं. मात्र कारमेलसारखाच तपकिरी दिसणारा दुसरा एक पदार्थ आहे. त्याचें नांव मॉल्ट. तो मोड आणलेल्या जवापासून करितात, आणि रंग व गोडी यांसाठीं बिस्किटें, दुधांत घालावयाचीं चूर्णें आणि न्याहारीचे पोहे यांत घालतात. तो जातीनेंच वर्ज्य आहे. तसेंच चिनी पद्धतीच्या भातास काळसर रंग आणणारा सोया सॉस. तो पुष्कळदां सोयाबीनबरोबर गहूं आंबवून करितात. तो पाहून घेतल्यावांचून वापरूं नये.

दुसरा प्रश्न, संसर्गाचा. बाजारांत मिळणारी रंगाची पूड क्वचितच निर्भेळ रंग असते. तींत मीठ, साखर, डेक्स्ट्रिन, पिष्ट यांपैकीं कांहीं तरी भरीस घातलेलें असतें. तें पिष्ट बहुधा मक्याचें असतें, पण वाईटांत वाईट गोष्ट गृहीत धरून गणित करून पाहूं. समजा, पुडींत निम्मी चक्क गव्हाची कणीक आहे. एक किलो बर्फीस पाव ग्रॅम पूड घातली, तर कणीक झाली १२५ मिलिग्रॅम, आणि तींत ग्लूटेन सुमारें साडेबारा मिलिग्रॅम. म्हणजे २० च्या मर्यादेच्या आंतच. पण तीच पूड कोणी हात सैल सोडून दोन ग्रॅम घातली, तर ग्लूटेन १०० मिलिग्रॅम होऊन मर्यादा पांचपट ओलांडली जाते. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. चिमटीनें घातलेला रंग हा फार मोठा शत्रु होऊं शकत नाहीं; आणि जिच्यावर घटक छापलेले नाहींत अशी सुटी पुडी घरांत आणूं नये. वेष्टनबंद खाद्यपदार्थांत गहूं, जव, राय यांचा अंश असेल तर तसें स्पष्ट छापण्याची सक्ति आपल्याकडेहि आहे. वाचण्याचे श्रम तेवढे आपण घ्यावयाचे. आयोडिनाचा थेंब टाकून पिष्ट ओळखण्याची युक्ति कांहीं जण सुचवितात. पण आयोडिन मक्याच्या आणि गव्हाच्या दोन्ही पिष्टांस निळेंच करितें, आणि ग्लूटेनविषयीं तर कांहींच सांगत नाहीं.

खरा संसर्ग रंगाच्या डबीबाहेर होतो. मोतीचूर लाडूचा नारिंगी रंग निरुपद्रवी, बेसनहि निरुपद्रवी. पण ज्या कढईंत सकाळीं मैद्याची जिलबी तळली, तिच्याच तुपांत दुपारीं बुंदी पाडली कीं लाडू बिघडला. बर्फी दुधाची, पण हलवायाचा कापण्याचा सुरा शेजारच्या मैद्याच्या मिठाईंतून आलेला. ज्वारीचें पीठ शुद्ध. पण गिरणींत त्यापूर्वीं गहूं दळलेले. उपवासाचा राजगिरा आणि वऱ्याचे तांदूळ यांसहि हाच न्याय. रंगीत शेवयांत रंग पाहूं नये, शेवया कशाच्या आहेत तें पाहावें. रंगीत बडीशेपेवरील साखरेच्या कवचांत कोणतें पिष्ट आहे, हें सुट्या मालावर लिहिलेलें नसतें. म्हणून ती घटक छापलेल्या बंद पाकिटांतीलच घ्यावी.

येथें एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. ‘ग्लूटेनविरहित’ आणि ‘निर्दोष’ हे दोन शब्द समानार्थी नव्हेत. मेटॅनिल यलो हा पिवळा आणि ऱ्होडामीन बी हा गुलाबी रंग कापड व कागद यांच्या धंद्यांतले आहेत. त्यांत ग्लूटेन नाहीं, आणि तरीहि ते खाण्यास सर्वथा निषिद्ध आहेत. ऱ्होडामीन सांपडल्यावरून तामिळनाडूनें २०२४ च्या फेब्रुवारींत ‘म्हातारीच्या कापसा’ची विक्री बंद केली, आणि पुढच्याच महिन्यांत कर्नाटकानें रंगीत कापूस व कोबीचें मंचूरियन यांतील अशा रंगांस बंदी घातली. मान्य रंगांचेंहि प्रमाण मर्यादित आहे. बहुतेक पदार्थांत किलोस १०० मिलिग्रॅम. इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथें २००७ सालीं झालेल्या एका प्रयोगानंतर टार्ट्राझीनसह सहा रंगांविषयीं, मुलांच्या चांचल्यावर परिणाम होण्याचा संभव आहे, अशी सूचना छापण्याचें बंधन युरोपीय संघानें २०१० पासून घातलें. अमेरिकेनें एरिथ्रोसीनला खाद्यपदार्थांत दिलेली परवानगी २०२५ च्या जानेवारींत काढून घेतली. तेव्हां बाजारचा रंग कोणाच्याहि मुलास रोज द्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. सणावारास चिमूटभर चालेल, एवढेंच म्हणतों. आणि तें सर्व मुलांस सारखेंच लागू आहे.

ज्यांस ही उस्तवारीच नको, त्यांनीं घरचे रंग वापरावेत. कोमट दुधांत केशर खलून घ्यावें. बीट किसून, पिळून, त्याचा रस खव्यांत आटवावा. पालकाचीं पानें उकळत्या पाण्यांतून काढून वाटावीं. आमसुलांचें आगळ सरबतास लावावें. गोकर्णीच्या निळ्या फुलांचें गरम पाणी निळें होतें आणि त्यांत लिंबू पिळतांच जांभळें होतें. हा चमत्कार पाहून मुलें फार रमतात. उकडीचे मोदक तर मूळचे तांदुळाचे. केशर व बीट यांच्या दोन रंगांचे केले म्हणजे ज्या मुलास गहूं वर्ज्य आहे, त्याच्याच पदार्थाकडे इतर भावंडें हात पुढें करतील.

आतां पत्र लिहिणाऱ्या सुनेस, आणि तिच्याहून अधिक तिच्या सासूबाईंस, आमचें सांगणें असें. घटक छापलेला, गव्हाचा उल्लेख नसलेला, मान्य रंग घरांत ठेवावा आणि मुलीची गुलाबी वडी तिला परत द्यावी. जें निषिद्ध नाहीं तें निषिद्ध मानल्यानें पथ्याचें बळ वाढत नाहीं; उलट मूल कंटाळतें, आणि पुढें शाळेंत कोणी पाहत नसतां पोळीचा घांस खातें. हिंग तांदुळाच्या पिठाचा अथवा निव्वळ खड्याचा आणावा. तिची कणीक तिंबण्याची परात, पोळपाट, तवा आणि गाळणी वेगळी असावी. घरघंटी असल्यास ती तिच्याच धान्यासाठीं राखावी. घरांतील दुसऱ्या कोणास हाच विकार असेल असा संशय आल्यास रक्ततपासणीपूर्वीं गहूं सोडूं नये. आधींच सोडल्यास तपासणी खोटें उत्तर देते. रोग्याच्या आईबाप-भावंडांनीं ही तपासणी करून घेणें हितावह असतें.

हें सर्व ऐकून कोणी म्हणेल, केवढा हा खटाटोप! परंतु ज्या घरांनीं पिढ्यान् पिढ्या सोवळें सांभाळलें, त्यांस वेगळें भांडें, वेगळा पळा आणि न शिवतां वाढणें या गोष्टी शिकवाव्या लागत नाहींत. ज्या वृद्ध स्त्रीस सोवळ्याचा डबा ओवळ्या हातानें उघडलेला न सांगतां समजतो, तिच्याइतकी दक्ष राखणदार या मुलीस दुसरी कोण मिळणार? “एवढ्याशा हिंगाचा काय दोष” हे शब्द तिच्या तोंडीं शोभत नाहींत. मात्र येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. मुलीचीं भांडीं वेगळीं असलीं तरी मूल वेगळें नव्हे. तिचें पान पंक्तींतच मांडावें, भावंडांच्या मध्यें मांडावें, आणि वाढप नेहमीं तिच्या पानापासून सुरू करावें. कारण त्या वेळीं पळ्यास दुसऱ्या कोणत्याहि पदार्थाचा स्पर्श झालेला नसतो.